दोर लागला की दार लागलं

कुंभिवलीत बंदर नाही की खाडी नाही. भातखाचरं आहेत, हायवे आहे, हायवेच्या कडेला टायरवाले आणि कारखाने आहेत. तरी त्या गावात जाऊन कुणालाही विचारा, सारंग कुठे राहतो, तर तो सरळ एका घराकडे हात करील. काशिनाथ त्याचं नाव. पण नाव घेऊन विचाराल तर लोक म्हणतील, कुठला काशिनाथ? सारंग म्हणालात की प्रश्न संपला. हे त्याला फार आवडायचं. गावच्या पत्रिकेत नुसतं नाव छापलं तर तो लग्नाला उशिरा जायचा.

सारंग म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. आमची बोट टग होती, म्हणजे ओढणारी. बुटकी, पण इंजिन दांडगं. कोळशाने भरलेली बार्ज मागे दोराने बांधायची आणि पेणच्या पुढे खाडीतून कारखान्याच्या धक्क्यापर्यंत ओढत न्यायची. बार्जला स्वतःचं इंजिन नसतं, ती नुसता तरंगता लोखंडी डबा. मी त्या टगवर ड्रायव्हर होतो. बोटीवर ड्रायव्हर म्हणजे इंजिन सांभाळणारा. माझ्या भिसेगावात लोकांना अजून वाटतं मी ट्रक चालवायचो. आता समजावणं मी सोडून दिलंय.

साजगावच्या बाजूचा कारखाना बंद पडला तेव्हा इंजिनाच्या कामाचा अनुभव घेऊन मी खाडीवर गेलो. काशिनाथ माझ्या आधीपासून तिथे होता. खलाशी म्हणून लागला, परीक्षा देऊन सारंग झाला. पावसाळ्यात काम थंडावलं की लावणीला घरी यायचा. आम्ही दोघं खोपोलीहून पेणच्या एसटीने एकत्र जायचो, आणि त्याच्याबरोबर एसटीत बसणं हे एक वेगळंच काम होतं.

गाडीत चढला की तो आधी मागे जायचा. संकटात बाहेर पडायची खिडकी असते, तिची कडी उचलून बघायचा. एकदा ती कडी तारेने आवळून बांधलेली निघाली.

"काका, खडखडते म्हणून बांधलीय. बसा की," कंडक्टर म्हणाला.

"खडखडते म्हून बांधलीस. आनि गाडी पेटली मंग?"

"मी नोकरीला लागल्यापासून एक गाडी पेटली नाय."

"तुला बघून पेटायची थांबल्यात काय?"

सगळी गाडी हसली. हा हसला नाही. पिशवीतून पक्कड काढून त्याने तार सोडवली, नीट गुंडाळली आणि कंडक्टरच्या हातात दिली. "घे. घरी कापडं वाळत घालायला व्हईल." मग येऊन बसला. पेणपर्यंत ती खिडकी माझ्या कानाशी खडखडत होती, आणि सगळे प्रवासी माझ्याकडे रागाने बघत होते. त्याला झोप लागली होती.

माणूस प्रेमळ वगैरे नव्हता. रमीत हरला की पत्ते टाकून उठायचा. कुणाचं काम चांगलं झालं तर गप्प बसायचा, तेच शाबासकी समजायचं. इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण वरून ओरडून मला शिकवायला कमी करायचा नाही. आणि त्याला पोहता येत नव्हतं. मी उल्हास नदीत पोहत वाढलेला, मला याची फार गंमत वाटायची. धक्क्यावर पाय ठेवायच्या आधी तो लाइफ जॅकेट घालायचा आणि बोटीवरून उतरून चहाच्या टपरीवर गेला तरी काढायचा नाही. टपरीवाला विचारायचा, "सारंग, चहात बुडाल काय?" हा बशीतून फुंकर मारत म्हणायचा, "तुजा चहा तेवडा खोल नाय. पान्यानंच भरलाय, पन खोल नाय."

टगच्या मागच्या बाजूला लोखंडी हूक असतो, त्यात दोर अडकवतात. बार्ज ओढताना तो दोर इतका ताणतो की वर थाप मारली तर ढोलकीसारखा वाजतो. तुटला तर तो माणूस बघत नाही. म्हणून हुकाच्या मागे डेकवर सारंगाने लाल रंगाचा पट्टा मारून घेतला होता. दोर ताणलेला असताना त्या लाल रंगात कुणी जायचं नाही, आणि एरवीसुद्धा तिथे काही ठेवायचं नाही. ठेवलेलं दिसलं की तो उचलून खाडीत टाकायचा. माझ्या चपला गेल्या. मारुती नावाचा साजगावचा आमचा खलाशी, तोच जेवण करायचा, त्याचा डबा गेला, आत तळलेले बोंबील होते.

"सारंग, डबा तरी ठिवायचा होता," मारुती रडवेला झाला.

"तू हुबा असतास तर तुला टाकला असता. डब्यावर भागलं."

सारंगाची बायको मला एकदा म्हणाली होती, "भावजी, घरात बी तेच. चुलीपुढं, गॅसपुढं, हितं हुबं ऱ्हायचं, हितं नाय. रंग तेवडा मारायचा ऱ्हायलाय." तो समोरच भात जेवत होता. म्हणाला, "रंग आनलाय. पावसाळा संपू दे."

आता दाराचं सांगतो. इंजिनरूममधून डेकवर यायला एक लोखंडी दार असतं, कडेने रबर लावलेलं, गुडघ्यापेक्षा उंच उंबरठ्याचं. सारंगाचा नियम होता, दोर लागला की दार लागलं. बार्ज मागे असेपर्यंत ते उघडायचं नाही. कागदावरचा नियमही तोच आहे, पण खाडीवर तो पाळणारे मी थोडेच पाहिले. बाकीच्या टगांची दारं सुतळीने मागे बांधलेली असायची, कारण आत उकाडा. हवेचा पाइप वरून येतो, पण त्यातून येते ती हवा म्हणजे तव्यावरची वाफ. मी माझं म्हणणं आजही मागे घेत नाही. ती खोली म्हणजे भट्टी होती.

"सारंग, आत मानूस शिजतो," मी सांगायचो.

"शिजलेला मानूस घरी जातो, डायवर. बुडालेला जात नाय."

"बोट काय रोज बुडते?"

"रोज कशाला बुडंल? एकदाच बुडते."

मी दार उघडायचो, तो वरून लाथ मारून लावायचा. मी पुन्हा उघडायचो. एका फेरीत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, नुसतं दार बोलत होतं. पुढच्या पाळीला तो खोपोलीहून जुना टेबलफॅन घेऊन आला. काखेत धरून, एसटीतून, उभ्याने. माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आता दाराला हात लावशील तर फॅन परत न्हेईन." फॅनला आवाज इंजिनाएवढाच होता, वायर आखूड होती. पण मी दाराला हात लावणं बंद केलं. भांडून हरलो असं कुणी समजू नये. फॅन आला म्हणून मी ऐकलं.

हूक सोडण्याचं वेडही त्याला आधीपासून होतं असं नाही. ते एका बाईने लावलं. बोटीची दरवर्षी तपासणी होते, तेव्हा सरकारी सर्व्हेअर मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, पायात जाड बूट, बोलणं थोडं. आमच्या सारंगाने छाती काढून सगळं दाखवलं. जॅकेटं, आग विझवायची नळकांडी, दिवे, भोंगा. मॅडमनी हुकाजवळ टांगलेली कुऱ्हाड काढली. दुसरा कुठला उपाय चालला नाही तर दोर तोडायला ती ठेवलेली असते. त्यांनी अंगठा पात्यावरून फिरवला.

"हिने काय तोडता?"

सारंगाने मारुतीकडे बघितलं. मारुती खाडीकडे बघू लागला. नारळी पौर्णिमेपासून तो त्या कुऱ्हाडीने नारळ फोडत होता.

मग त्या हुकाकडे वळल्या. हुकाला एक दांडा असतो, तो ओढला की हूक उघडतो आणि दोर निघून जातो. सारंगाने ओढून दाखवला. खट्‌कन उघडला.

"रिकामा हूक कुणीही सोडेल," मॅडम म्हणाल्या. "दोर धक्क्याला बांधा, इंजिन लावा, ताण द्या आणि मग सोडून दाखवा."

मी इंजिन लावलं. दोर ताणला. सारंगाने दांडा ओढला, तो हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही. आत गंज धरला होता. मॅडमनी सही न करता वही मिटली. म्हणाल्या, "दुरुस्त करा, मी परत येईन." आवाज चढवला नाही.

तो दिवस सारंगाला लागला. सगळ्यांसमोर त्याचा हूक अडला होता. त्याने हूक खोलला, घासला, ग्रीस भरलं, आणि मॅडम परत आल्या तेव्हा ताणलेला दोर एका हाताने सोडून दाखवला. दोर पाण्यावर आपटला तो आवाज ऐकून त्याच्या तोंडावर जे आलं ते मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नाही. तिथून पुढे रोज सकाळी हूक आधी, चहा नंतर. नवा खलाशी आला की त्याला सांगायचा, "वढनं बैलाला बी येतं. तुला सोडनं शिकवतो."

मग आला दसरा.

आम्ही सगळे भातशेतीवाल्या घरांतले. दसऱ्याला नांगर, कोयता, जे जे पोटाला घालतं त्याची पूजा करायची, हे अंगातच असतं. समुद्रावरच्या लोकांची पूजा नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला असते. आमचा मारुती पडला साजगावचा, भातखाचरातला. त्याने विचार केला, ह्या बोटीवर आपल्याला पोटाला कोण घालतं? तर हूक. त्याने हूक धुतला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली. आणि हार पडू नये म्हणून लाल-पिवळा नाडा घेऊन हुकाला आणि दांड्याला मिळून चांगले वेढे मारले, वर गाठ मारली. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. पूजा सुंदर दिसत होती.

आरती झाली. सारंगाने हात जोडले, डोळे मिटले, प्रसाद खाल्ला. मग खिशातून चाकू काढून नाडा कापला.

मारुती पांढरा पडला. "सारंग, देवाचा दोरा हाय त्यो."

"म्हायती हाय."

"सन हाय आज. वंगाळ व्हतं असं केल्यावर."

"मारत्या, देवाला हात जोड. देवाचं हात बांदू नको." त्याने हार काढून हुकाऐवजी वर सुकाणूच्या चाकाच्या खोलीत टांगला. मारुती दोन जेवणं त्याच्याशी बोलला नाही, आणि भाजीत मीठही जरा जास्तच पडलं.

त्याच आठवड्यात भरलेली बार्ज घेऊन आम्ही खाडीत शिरलो. मागून भरतीचा जोर होता आणि पुढे वळण होतं. मी खाली होतो, दार बंद, फॅन चालू. वर काय झालं ते नंतर कळलं. वळणावर पाण्याच्या ओढीने बार्ज बाजूला गेली आणि आमच्या पुढे जाऊ लागली. दोर मागे असायचा तो आडवा आला. एवढं वजन टगला आडवं ओढू लागलं की टग कुशीवर जाते, आणि मग फार वेळ मिळत नाही. सारंगाने दांडा ओढला. दोर गेला. टग उठली.

बार्ज मात्र वाहत गेली आणि तिवरांच्या चिखलात बसली. तळ वाकला. मोठं उधाण येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

टग आणि बार्ज दोन्ही ज्याची, त्या मालकाचं डोकं फिरलं. त्याचं म्हणणं, टग थोडी कलली, टगा कलतातच, हा पोहता न येणारा माणूस घाबरला आणि लाखांची बार्ज सोडून मोकळा झाला. त्याने तक्रार केली, ह्याचं सर्टिफिकेट काढून घ्या. ते गेलं की सारंगकी गेली. मग कुंभिवलीत राहणार नुसता काशिनाथ. चौकशीला जाताना एसटीत त्याने मागची खिडकीसुद्धा तपासली नाही. त्यावरून मी काय ते समजलो.

सरकारी ऑफिसात तपासणीच्या त्याच मॅडम बसल्या होत्या. एका बाजूला मालक, एका बाजूला आम्ही तिघं. सारंगाला विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, "सोडली. परत तशी येळ आली तर परत सोडीन."

"बघा, कशी भाषा आहे," मालक म्हणाला.

मग मारुतीला विचारलं. त्याच्या मनात ते साचलेलंच होतं. म्हणाला, "मॅडम, ह्यांनी दसऱ्याला देवाचा दोरा कापला. म्हून झालं हे. मी तवाच बोल्लो व्हतो."

"कसला दोरा?"

मारुतीने सगळं सांगितलं. हळदकुंकू, हार, नाडा, वेढे, गाठ.

"दांड्यालाही वेढे होते?"

"व्हय. पक्के."

"ते राहिले असते तर त्या दिवशी दांडा ओढला गेला असता का?"

 मारुतीने हळूच आपल्या हातांकडे बघितलं. 

"पण सोडायची गरज होती का, हा प्रश्न आहे," मालक म्हणाला. "ड्रायव्हरला विचारा."

मी उभा राहिलो. "मला काय दिसलं नाय. दोर लागला व्हता, दार बंद व्हतं."

मालक खुर्चीत मागे टेकला. सारंगाने माझ्याकडे बघितलंही नाही.

"दिसलं नाही ते ठीक," मॅडम म्हणाल्या. "आत काय झालं ते सांगा."

हे मला सांगता येत होतं. मी सांगितलं. पायाखालचा पत्रा भिंतीसारखा उभा राहिला. हत्यारांची पेटी ह्या कडेची त्या कडेला जाऊन आदळली. फॅन उडाला आणि वायरीला लोंबकळला. वायर आखूड होती म्हणून इंजिनावर पडला नाही. मी पाइपाला धरून लोंबत होतो आणि दार माझ्या पायाच्या बाजूला होतं. दाराच्या रबराच्या फटीतून पाण्याचा फवारा येत होता, बारीक, पिचकारीसारखा.

"फवारा कुठून? उंबरठ्याजवळून?"

"नाय. पार वरनं. कडीच्या बी वरनं."

मॅडम मालकाकडे वळल्या. "दाराच्या कडीच्या वर बाहेर पाणी होतं. याला थोडी कलली म्हणता?" मग मला म्हणाल्या, "दार उघडं असतं तर?"

"तर मी हितं नसतो, मॅडम. आनि ही दोगं बी नसती."

 मॅडमनी लिहून घेतलं. सारंगाचं सर्टिफिकेट समोर होतं, ते त्यांनी फिरवून त्याच्याकडे सरकवलं. त्याने ते उचललं, शर्टाला पुसलं आणि खिशात ठेवलं.

जिन्यावर मालक आमच्या पुढे होता. खाडीवर दुसरा सारंग काही झाडाला लागत नाही, हे त्याला माहीत होतं. मागे न बघता म्हणाला, "उद्या भरती सकाळची आहे. येताय ना?"

मला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलेल. मालकाला नाही, तर निदान मला.

"आधी दाराला नवा रबर आना," सारंग म्हणाला. "डायवर सांगतोय, फवारा आला. रबर गेलाय." मग माझ्याकडे वळला. "आनि तू रं? रबर गेलाय हे आदी का नाय सांगितलंस?"

माझे आभार त्याने मानले ते एवढेच. एसटीत चढल्यावर तो सरळ मागे गेला आणि कडी उचलून बघितली. मी खिडकीपासून लांब बसलो.

पुढे त्याने त्याच टगवर बरीच वर्षं काढली, मीही. मारुतीने पूजा सोडली नाही. दर दसऱ्याला हार घालायचा, पण नुसता वर ठेवायचा, आणि मग स्वतःच दांडा ओढून बघायचा. सारंग गप्प बसायचा. मी आधीच सांगितलंय, त्याचं गप्प बसणं म्हणजे काय.

काम सुटल्यावर भेटी कमी झाल्या. त्याचे गुडघे गेले, माझे डोळे. शेवटचा बघितला तो गेल्या साली. मी टेंपोने खालापूरहून साजगावकडे चाललो होतो. कुंभिवलीच्या रस्त्यावर गाड्या थांबलेल्या. पुढे एक बंद पडलेला ट्रक, त्याला दुसरा ट्रक दोराने ओढायला लागलेला. मधे, हायवेच्या कडेला, लेंगा आणि बनियनवर एक म्हातारा, काठी काखेत धरून, दोन्ही हात पसरून उभा. त्याच्या मागे माणसं अडलेली. शाळेच्या पोरी, भाजीवाली बाई, मोटरसायकलवाले. दोर ओलांडून पलीकडे जायचं होतं सगळ्यांना.

"बाबा, हाटा की. ऑफिसला उशीर व्हतोय," एक मोटरसायकलवाला म्हणाला.

"व्हऊ दे. हापिस कुटं जात नाय."

"कोन हाय हा?"

"सारंग हाय," भाजीवाली म्हणाली. "थांब गप. त्यो ऐकायचा नाय."

मी टेंपोतून हाक मारली. त्याने वळून बघितलं नाही, दोरावरची नजर काढली नाही. नुसता एक हात हलवला, मागं सर, मागं. मला म्हणून नव्हे, जो कोणी ओरडत होता त्याला.

मी आयुष्यात त्याचं कुठलंही म्हणणं भांडल्याशिवाय ऐकलेलं नाही. पण टेंपोतून उतरलो, गाड्यांमधून चालत गेलो आणि त्याच्या हाताच्या मागे जाऊन उभा राहिलो. पुढच्या ट्रकने जोर लावला. दोर वर उचलला, ताणला, थरथरला. बंद ट्रक हलला आणि हळूहळू निघून गेला. दोर तुटला नाही.

ट्रक वळणापलीकडे जाईपर्यंत सारंगाने हात तसेच धरले होते. मग खाली घेतले.